कोड आला का?

अर्ध्या बाजाराच्या कागदांवर एकच फोन नंबर होता, आणि तो बाईंचा होता. न्हाव्याच्या, बेकरीवाल्याच्या, चष्म्याच्या दुकानवाल्याच्या, सगळ्यांच्या. त्यामुळे लोक त्यांना नंबरवाल्या बाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या पाकिटावर होतं, ते तिथंच राहिलं.

बाई कराचे रिटर्न भरायच्या. दुसऱ्यांचे. चपलांच्या दुकानावर एक जिना, जिन्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत साहेब, बाहेरच्या खोलीत बाई आणि त्यांच्यासमोरच्या टेबलावर स्टेपलरकाका. काकांना हे नाव पडलं कारण हातात आलेला कागद टाचल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. एकदा त्यांनी साहेबांचं विमानाचं तिकीट बेकरीच्या बिलाला टाचून बेकरीच्या फायलीत घातलं होतं. छताला एक पंखा. तो फिरताना दर फेरीला एकदा कण्हायचा. साहेब दरवर्षी म्हणत, सीझन संपला की बघू. सीझन संपायचा, आणि पंख्याला विचारतो कोण!

आता नंबराचं असं, की रिटर्न पाठवलं की कर खात्याकडून सहा आकड्यांचा कोड फोनवर येतो. तो घातल्याशिवाय रिटर्न पुढं सरकत नाही, आणि लवकर घातला नाही तर तो बाद होतो. सुरुवातीला बाई ज्याच्या त्याच्या फोनवर कोड मागवायच्या. मग न्हाव्याला फोन लावावा तर त्याचे हात साबणात. बेकरीवाला कोडाऐवजी कर्जाच्या जाहिरातीतला आकडा वाचून दाखवायचा. चष्मेवाल्याला स्वतःचाच चष्मा सापडायचा नाही. सीझनला प्रत्येकाच्या मागं किती धावायचं? बाईंनी एक दिवस सगळ्यांच्या फायलीत आपलाच नंबर टाकला. कोड आला की स्वतःच घालायचा, काम फत्ते. साहेब खूश, लोक खूश. या धंद्यातले सगळेच थोडंफार असं करतात, फक्त तोंडानं कुणी बोलत नाही. ज्यांनी पुढं हिशेबाचं काम दुसरीकडं नेलं, पण नंबर बाईंचाच ठेवला, ते मात्र कोडासाठी बाईंना फोन करायचे. "बाई, कोड आला का?" बाई आकडे सांगायच्या. सीझनमध्ये त्यांचा फोन म्हणजे पाणपोई, येईल त्यानं ओंजळ पुढं करावी.

मुलगा कमवायला लागला तेव्हा त्याच्याही फायलीत त्यांनी आपलाच नंबर टाकला. सवयीनं.

मग एक सीझन असा आला, की शेवटच्या तारखेला बाईंचा नवरा दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं कारण नाही, दोन दिवसांनी घरी न्या. मुलगा उशाशी बसला होता. बाई सकाळी डबा देऊन म्हणाल्या, "आज शेवटची तारीख आहे. संध्याकाळी येते." नवऱ्यानं मान हलवली. त्याला सवय होती. शेवटच्या तारखेचा नवरा म्हणून त्याची चेष्टा व्हायची आणि तोच ती सगळ्यांना सांगायचा.

दुपारी त्याला कसंसं व्हायला लागलं. मुलानं आईला फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. त्या दिवशी तो फोन आईचा नव्हताच, तो अर्ध्या बाजाराचा होता. मग त्यानं मेसेज टाकला. बाईंनी तो वाचला तेव्हा वाचून उपयोग नव्हता. वर कोड, खाली कोड, आणि मधे दोन शब्द. आई, ये.

मुलगा भांडला नाही. ओरडला असता तर बाईंना उत्तर देता आलं असतं, निदान रडता तरी आलं असतं. पुढचे विधी, भेटायला येणारे, कागदपत्रं, सगळं त्यानं नीट केलं आणि लांबच्या शहरात नोकरी धरून निघून गेला. तेव्हापासून वर्षातून एकदा, स्वतःचं रिटर्न भरताना, त्याचा मेसेज यायचा. "कोड?" बाई सहा आकडे पाठवायच्या. त्यावर उत्तर नाही. पुढच्या सीझनपर्यंत बोलणं तेवढंच.

खरं म्हणजे नंबर बदलून घ्यायला त्याला आईकडून एकच कोड पुरला असता. त्यानं तो बदलला नव्हता. विसरला असेल, आळस केला असेल. बाईंनी त्यातून काही अर्थ काढला नाही. अर्थ काढायचं काम खात्याचं, आपण भरायचं काम करावं.

आणि त्यांना आत काही वाटतही नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तसं. नवऱ्याचं शेवटचं रिटर्न त्यांनीच भरलं, मयत या शब्दापुढं टिचकी मारून, वारस म्हणून सही करून. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरनं सवयीप्रमाणे विचारलं, गेल्या वर्षीचे अशील आणायचे का? यादीत नवरा होता. बाईंनी त्याच्यासमोरची खूण काढली आणि बाकीचे आणले. मग चहा प्यायला. चहा गार होता, हे प्यायल्यावर कळलं.

यंदा सीझनच्या तोंडावर खात्यानं नवा नियम काढला. एका नंबरावर फक्त स्वतःची आणि घरच्या माणसांची खाती. बाकीच्यांचे नंबर ठरलेल्या तारखेच्या आत बदला, नाहीतर खातं बंद. रिटर्न भरणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. एरवी तिथं अपडेट टाकल्यावर जुनी फाइल उघडत नाही, सही चढत नाही, असली रडगाणी चालायची आणि बाई सावकाश उत्तरं द्यायच्या. त्या दिवशी ग्रुपला आगच लागली.

"सगळ्यांचे नंबर एकदम बदलता येतात का हो?"

बाईंनी लिहिलं, "नाही. एकेक करूनच. जुन्या नंबरावर कोड येतो, नव्यावर पण येतो. दोन्ही घातले तरच बदलतो."

"म्हणजे चारशे लोकांना फोन करायचे?"

"माझे जास्त आहेत," बाईंनी लिहिलं. त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

स्टेपलरकाका म्हणाले, "बरं झालं. फोन होता की धर्मशाळा? आता जरा घराला कुलूप लागेल."

"हं," बाई म्हणाल्या आणि पहिला फोन लावला.

न्हावी ऐकायलाच तयार नव्हता. "ताई, इतकी वर्षं तुमच्या पदरात होतो. आता काय नांदायला पाठवताय का मला?"

"तुमचा नंबर सांगा. आणि मेसेज येईल तो बघा."

"मला मेसेज उघडता येत नाहीत."

"दुकानात जो खुर्चीत बसलाय त्याला दाखवा."

"त्याच्या तोंडाला साबण आहे."

"डोळ्याला नाही ना?"

काका खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. पण गंमत त्यांनाच सुचली होती हे खरं. तोंड आपलं आपण काम करत होतं, पंख्यासारखं.

अशी एकेक फाइल त्यांच्या फोनवरून उतरत गेली. बेकरीवाला गेला, चष्मेवाला गेला, दोन शिंपी भाऊ गेले. ते एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे दोघांना वेगवेगळं समजवावं लागलं. फोन हळूहळू गप्प व्हायला लागला. आधी जेवताना वाजेनासा झाला, मग दुपारभर. बाई मधूनच तो उचलून बघत, बंद तर पडला नाही ना.

यादीत शेवटी एकच नाव उरलं.

"पोराचं?" काकांनी विचारलं.

"राहिलंय."

"मग घरचा माणूस म्हणून दाखवा की. पोटचा पोरगा, त्यात काय विचार करायचा?"

बाईंनी खात्याच्या पोर्टलवर ते पान उघडलं. नातं निवडा. खाली यादी आली. पती, पत्नी, वडील, आई, मुलगा. या यादीतून त्यांनी बाजारभरातल्या लोकांची नाती निवडली होती, बोट कधी अडलं नव्हतं. आत्ताही अडलं नाही. मुलगा. पाठवा. पडद्यावर आलं, सदर व्यक्तीने मंजुरी दिल्यावर नोंद होईल, मुदतीत न दिल्यास नामंजूर समजण्यात येईल.

"त्यानं हो म्हणायला हवं," बाई म्हणाल्या.

काका म्हणाले, "म्हणेल." आणि एक कोरा कागद दुसऱ्या कोऱ्या कागदाला टाचला.

चार दिवस काही आलं नाही. बाई रोज सकाळी फाइल उघडून बघायच्या. मंजुरी प्रलंबित. बंद करायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण ती दिवसातून बऱ्याचदा उघडतोय. जिभेनं पडलेल्या दाताची जागा चाचपावी, तसं. दुखत नव्हतं. नुसती जागा लागत होती.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मेसेज नव्हता. फोन होता.

"हॅलो," मुलगा म्हणाला. मग थांबला. "लगेच लागला."

"हो," बाई म्हणाल्या. "आता रिकामाच असतो."

पलीकडं कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"ते आलंय इथं," तो म्हणाला. "घरची व्यक्ती वगैरे. मंजूर, नामंजूर. ते काय आहे?"

बाईंनी सांगितलं. ज्या आवाजात न्हाव्याला सांगितलं, त्याच आवाजात. "मंजूर केलंस तर नंबर माझाच राहील, कोड माझ्याकडं येईल, सध्या येतो तसा. नाही केलंस तर तुझा नंबर टाकावा लागेल. त्याला एक कोड इकडं येईल, तो मी तुला सांगायचा. मग पुढं तुझं तुला. माझी गरज नाही."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"खातं बंद पडेल."

"तू काय म्हणतेस?"

हा प्रश्न बाईंना प्रत्येक माणूस विचारायचा. तुम्हीच सांगा बाई, आम्हाला काय कळतंय. आणि त्या जे बरोबर असेल ते सांगायच्या. चुकीचा सल्ला त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता.

"स्वतःचा नंबर टाकावा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या फोनवर विसंबू नये."

बोलून झालं आणि ते वाक्य दोघांच्या मधे उभं राहिलं. पंखा एकदा कण्हला.

"हो," मुलगा म्हणाला. "विसंबू नये."

काकांनी स्टेपलर उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"बरं," मुलगा म्हणाला. "बदलतो मग. थांब. हां, इथं आलं. नंबर टाकला. तुझ्याकडं कोड पाठवतोय."

"पाठव."

"पाठवला. आला का?"

बाईंच्या हातातला फोन कानाला थरथरला. त्यांनी तो समोर धरला. खात्याचा मेसेज होता, सहा आकडे, खाली नेहमीची ओळ, हा कोड कुणालाही सांगू नका. आजवर त्यांनी हजारो वेळा ही ओळ वाचली होती आणि हजारो वेळा कोड सांगितला होता.

त्यांनी फोन परत कानाला लावला.

"नाही अजून," त्या म्हणाल्या.

काकांनी पडद्याचा उजेड पाहिला होता. त्यांनी मान खाली घातली आणि फायलीतले कागद मोजायला लागले.

"नेटवर्क असेल," मुलगा म्हणाला.

"असेल."

"थांबतो."

"थांब."

थांबले दोघं. रांगेत पुढं मागं उभी असलेली माणसं काहीतरी बोलायला शोधतात, तसा तो म्हणाला, "तो आवाज कसला येतोय? पंखा का?"

"पंखाच."

"अजून तोच?"

"साहेब म्हणतात, सीझन संपला की बघू."

पलीकडून नाकातून सुटलेला श्वास ऐकू आला. हसला असावा, किंवा सर्दी असेल. "बाबा म्हणायचे, त्या पंख्याला पेन्शन चालू करा."

"म्हणायचे."

"तुझा गुडघा?"

"आहे. जिना चढताना बोलतो."

"दाखवलास कुणाला?"

"सीझन संपला की बघू," बाई म्हणाल्या आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनी ओठ मिटले. त्यांच्या पापण्यांच्या मागं काहीतरी टोचल्यासारखं झालं. सुई उतरायला लागते तेव्हा गालात आधी मुंग्या येतात, तसं काहीसं. फार नाही.

वेळ गेला. हातातला कोड बाद झाला. बाईंना तो कधी बाद होतो हे घड्याळाशिवाय कळायचं.

"आई," मुलगा म्हणाला. बऱ्याच वर्षांनी तो शब्द त्या फोनवर आला होता, कोडांच्या मधे दबून न जाता. "आला नाही?"

"नाही."

"इथं तर पोचला म्हणून दाखवतंय."

काका कागद मोजायचे थांबले.

"दाखवू दे," बाई म्हणाल्या. "पोर्टलचं काय खरं धरतोस!"

बाईंनी वाट पाहिली. त्याचं ऑफिस ऐकू येत होतं, कुणीतरी छपाईचं यंत्र चालू केलं होतं.

"मग परत पाठवू?" त्यानं विचारलं.

"पाठव."

फोन थरथरला. बाईंनी तो कानावरून काढला नाही.

"आला?"

"नाही रे अजून."

"बरं," मुलगा म्हणाला. "मी आहे लाइनवर."