पूजेत गेलेला टेकू

एक गोष्ट मी सहा वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. आता ती पुण्याला मुलाकडे असते, नातवाला सांभाळते, आणि मी उंब्रजला एकटा असतो. ज्याच्यापासून लपवायचं असं माणूसच घरात उरलं नाही. तरी सवय अशी लागलेली, की एकट्यानेसुद्धा त्या गोष्टीचा विचार करायचा टाळत होतो.

गॅरेज हायवेला लागून आहे. रस्ता रुंद करताना पुढचा पत्रा गेला, आता शेड अर्धंच आहे. जीप, टेम्पो, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, एवढंच माझं काम. भारी गाड्या माझ्याकडे येत नाहीत. एकच यायची, ती सुभेदाराची.

सुभेदार आष्ट्याचा. सांगलीला आयटीआयला आम्ही एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात लावायचो. पुढे मी इथे शेड टाकलं आणि तो फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. डोंगरातल्या, बर्फातल्या वाटांवर त्याने सगळी नोकरी ट्रक चालवण्यात काढली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. हे तो स्वतः सांगायचा नाही, आष्ट्यातले लोक सांगायचे. सुभेदार होऊन घरी आला तेव्हापासून मी त्याला सुभेदार म्हणायचो आणि तो मला मिस्त्री.

आल्यावर त्याने एक जुनी सेडान घेतली. दिसायला चार दारांची साधी गाडी, पण इंजिन असं की जरा पाय दिला की पाठ सीटला चिकटावी. गिअर आपोआप पडणारे. मी म्हटलं, "आष्ट्यात काय करायचीय रं ही? ऊस न्यायला?"

"लेकीला सासरी पोचवायला," तो म्हणाला. "लगीन ठरलं की हिच्यातनं न्हेनार. मी सोता चालवत. पोरीला एक धक्का लागू द्यायचा न्हाई."

गाडीला एकच खोड होती. घाट चढला की गिअरबॉक्सचं तेल तापायचं आणि समोर दिवा लागायचा. गिअरबॉक्सच्या पोटाशी एक पसरट भांडं असतं, पॅन म्हणतात त्याला. तांबडं तेल त्यात राहतं. कंपनीच्या पॅनपेक्षा मोठा, खोल, बाहेरून खाचा असलेला अ‍ॅल्युमिनियमचा पॅन मिळतो. त्यात तेल जास्त मावतं, थंड राहतं. मी हे मोबाईलवर बघितलं होतं, केलं मात्र कधी नव्हतं. तरी छाती काढून म्हणालो, "मागवून घे. मी बसवतो. सांगलीला जायची गरज न्हाई."

पॅन आला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सुभेदाराला दसऱ्याला गाडी दारात हवी होती, पूजेला. खंडेनवमीला सकाळी सातलाच तो गाडी घेऊन हजर. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पूजेला लावतात आणि एकदा पूजेला लागलं की दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. म्हणजे मला दुपारच्या आत काम संपवायला पाहिजे होतं.

गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. जुनं तेल काढलं, जुना पॅन उतरवला, नवा फिल्टर वर त्याच्या तोंडात दाबून बसवला. गिअरबॉक्स तेल वर ओढतो ते ह्याच फिल्टरमधून. हा नुसता दाबून बसतो, त्याला बोल्ट नसतो. खालून पॅनचा तळ त्याला लागून असतो, म्हणून तो पडत नाही. नवा पॅन खोल, तळ दोन बोटं खाली गेलेला. तेवढी जागा भरायला पॅनबरोबर मधे भोक असलेला एक अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा येतो. मी त्याला टेकू म्हणतो. तो मी पेट्रोलने धुऊन बाकावर स्वच्छ फडक्यावर ठेवला होता.

वरून बायकोची हाक सुरू झाली. "आवं, पान्हे द्या की. नैवेद्य निवतोय."

"घे बाकावरचे. लागतील तेवढे माझ्यापाशी हायती."

तिने परात आणली आणि बाकावरचं जे जे चकचकीत दिसलं ते उचललं. सुभेदार हसत होता. "वहिनी, मिस्त्रीला बी घ्या परातीत. धुवून घ्या पर."

मीही हसलो. हसतहसतच पॅन वर लावला. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आडवेतिडवे, ठरल्या जोराने आवळले. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या भोकातून थेंब येईपर्यंत. एक थेंब कुठे गळत नव्हता. एवढं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. सुभेदाराला घरची पूजा होती, तो जेवायला थांबला नाही.

तो गेल्यावर हातपाय धुऊन आरतीला उभा राहिलो. पाटावर पान्हे, हातोडी, पक्कड ओळीने मांडलेले, आणि मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, हळदकुंकू लावलेला तो टेकू.

आरती हातात होती. मी ती ओवाळत राहिलो.

सुभेदार तेव्हा कराडलाही पोचला नसेल. एक फोन केला असता तर झालं असतं. गाडी बाजूला घे, मी येतो. पण पूजेतलं हलवायचं नसतं, हे निमित्त मला आयतं सापडलं. मी देवधर्माचा माणूस नाही. त्या दिवशी झालो. खरं एवढंच होतं, की इतकी छाती काढल्यावर 'विसरलो' म्हणायची मला लाज वाटली.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "मिस्त्री, लय झाक चाललीया. गिअर कवा पडतोय कळंना. तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालाय पायजे."

मी म्हणालो, "दिवाळीला ये, तेल बघू." मनात ठरवलं होतं, तेव्हा पॅन उघडून टेकू गुपचूप बसवायचा. फिल्टर तोवर दम धरेल.

नाही धरला. आपल्याकडे गावागणिक स्पीडब्रेकर, तेही गावकऱ्यांनी आपल्या अंदाजाने घातलेले. कितीही जपून नेली तरी हादरा बसणारच, आणि हादऱ्यागणिक फिल्टर सुटत गेला. आठवडाभराने सुभेदार बायकोला घेऊन वाईला देवाला गेला, तिथून पसरणीच्या घाटाने वर. तिसऱ्या वळणावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी मागे सरकायला लागली. त्याने ती हँडब्रेकवर धरली, बायकोला खाली उतरवलं, चाकांना दगड लावले. मग ट्रकवर घालून गाडी माझ्याकडे आणली.

मी त्याला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं. हॉटेलवाल्याला ओरडून सांगितलं, "इस्पेशल दे रं सुभेदाराला." आणि खड्ड्यात उतरून पॅन उघडला. तेल काळं पडलेलं, जळकट वास. फिल्टर पॅनच्या तळाशी आडवा पडला होता. तो तसाच राहू दिला असता तर सुभेदाराने एका नजरेत ओळखलं असतं. मी तो उचलला, पुसला आणि परत वरच्या तोंडात दाबून ठेवला.

तो आला. "काय झालं रं?"

"गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेटा जळल्या."

"कशानं?"

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. 'कळत नाही' म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं असतं. पण मी म्हणालो, "सुभेदार, ही फौजेतला ट्रक न्हाई. दाबत असशील तू घाटात. वय झालं की मानसाचा पाय जड हुतोय, त्याला सोताला कळत न्हाई."

त्याने खाली स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. बराच वेळ.

"व्हय?" म्हणाला. "आसंल."

गाडी त्याने होती तशी विकली. दुसरी घेतली नाही. आष्ट्यात कुणी विचारलं तर सांगायचा, "पाय जड झालाय माझा. उगं कुनाचा जीव जायचा." पुढे भावाची जीपही चालवेना. बाजाराला एसटीने जाऊ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. भाड्याची गाडी, भाड्याचा ड्रायव्हर. पाठवणीच्या वेळी मी सुभेदाराच्या शेजारीच उभा होतो. गाडी निघाली आणि मांडवापुढच्या स्पीडब्रेकरवरून त्या ड्रायव्हरने ती दणकन नेली. आत लेकीचं डोकं काचेला लागलेलं आम्हाला दिसलं. सुभेदाराचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, ब्रेक मारावा तसा. तो मी बघितला. दुसऱ्या कुणीही बघितला नाही.

तेव्हाही बोललो नाही.

त्यानंतर मैत्री त्याने तोडली नाही, मी तोडली. त्याचा फोन वाजला की मी तो वाजू द्यायचो. दर दसऱ्याला करायचा. तीन वर्षं केला, मग थांबला. आयटीआयच्या खोलीतला भात आठवतो असं सांगणारा तो एकटाच माणूस होता मला. नवा मित्र मी केला नाही. माणूस जरा जवळ आला की आपणच त्याला कधीतरी चहाला पाठवू, अशी भीती वाटायची.

टेकू मात्र घरातच होता. पहिल्या वर्षीच बायकोने विचारलं, "ह्यो कशाचा हो?"

"एका गाडीचा ऱ्हायलाय."

"मग ज्याचा त्यास्नी द्या की."

मी पान्हे उचलून बाकाकडे गेलो. तिने तो देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला आणि दर खंडेनवमीला काढून पाटावर मांडला. हत्यार समजून. मी दरवर्षी त्याला आरती ओवाळली.

यंदा ती पुण्याला. सकाळी फोन आला, "पान्हे धुतले का? आन त्यो चांदीसारखा ठोकळा इसरू नका. डब्यात हाय."

डबा काढला. टेकूच्या भोकात जुनं कुंकू घट्ट बसलेलं, वर्षावर्षाचं. पाट मांडला होता, फुलं आणली होती. हातात घेतलेला टेकू पाटावर ठेवायला वाकलो आणि मला तो ठेवता येईना. पँटच्या खिशात टाकला, कराडची एसटी धरली आणि कराडहून आष्ट्याची.

सुभेदार कट्ट्यावर बसला होता. केस पांढरे झालेले. गाडीसाठी बांधलेल्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. दारात लेकीची पांढरी गाडी उभी होती. ती सणाला लेकराला घेऊन आलेली.

"मिस्त्री?" तो उठला. "आरं, जित्ता हायस व्हय? मला वाटलं वर गेलास आन कुनी कळिवलं बी न्हाई."

"आलो," मी म्हणालो.

"बस की. च्या टाका गं, उंब्रजचा लाट साब आलाय."

चहा आला. मी टेकू काढून त्याच्यासमोर कट्ट्यावर ठेवला.

"ह्यो कशाचा?"

"तुझ्या गाडीचा. आत बसवायचा ऱ्हायला माझ्याकडनं."

मग सगळं सांगितलं. पूजा, आरती, फोन न करणं, फिल्टर परत दाबणं. सहा वर्षं जे आत ठेवलं ते सांगायला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

त्याने टेकू हातात घेतला, फिरवून बघितला, भोकातलं कुंकू नखाने खरवडलं.

"म्हंजे फिल्टर खाली पडला हुता."

"व्हय."

"आन मी च्या पीत हुतो तवा तू तो वर दाबलास. इस्पेशल सांगिटला हुतास माझ्यासाठी."

"व्हय. तुझा पाय चांगला हुता, सुभेदार. कायम चांगलाच हुता."

त्याने चहाचा कप लांब सरकवला. आत लेकरू कशासाठी तरी रडत होतं. शेवटी म्हणाला, "पोरीच्या पाठवणीला तू माझ्या शेजारी हुतास."

"व्हय."

शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्याने टेकू शर्टाच्या खिशात घातला आणि दाराकडे तोंड करून म्हणाला, "बाई, गाडीची किल्ली दे."

लेक पदराला हात पुसत बाहेर आली. "आप्पा, तुम्ही?"

"दे. ह्यास्नी ष्टँडवर सोडून येतो."

तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि किल्ली दिली. तो बसला, सीट मागे घेतली, आरसा नीट केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून जरा थांबला. मग मला म्हणाला, "बसा."

आमच्यात 'बसा' कधी नव्हतं.

वाटेत दोन स्पीडब्रेकर लागले. दोन्हींवर त्याने गाडी अशी नेली, की डॅशबोर्डवरचं लेकराचं खेळणं जागचं हललं नाही. तो रस्त्याकडे बघत होता, मी त्याच्या पायाकडे. स्टँडवर कराडची एसटी लागलेली होती.

"सुभेदार..."

"सुटंल ती. उतरा."

उतरलो. त्याने गाडी घराकडे वळवली नाही. सरळ सांगलीच्या रस्त्याला लागला, सावकाश, आणि पुढे मोकळा रस्ता आल्यावर वेग दिला. उसाच्या वळणाआड जाईपर्यंत मी बघत होतो. तोवर एसटी सुटली. पुढची येईपर्यंत स्टँडवर बसून राहिलो.

घरी आलो तेव्हा पाट रिकामाच होता, फुलं कोमेजलेली. पान्हे बाकावर. बायकोचा फोन आला. "पूजा झाली का? ठोकळा ठेवला का?"

"पूजा ऱ्हायली. ठोकळा ज्याचा त्याला देऊन आलो."

"बरं केलंत. काय म्हनाले ते?"

"काय न्हाई. गाडी चालवली."

तिला त्यातलं काही कळलं नसणार. म्हणून हे लिहिलं. पहिल्यांदा तिलाच वाचायला पाठवणार आहे.