हळू चालणारा लॅपटॉप

शिवाजीनगरच्या रुग्णालयात माझा भाऊ दाखल होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा रोज दुपारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यासाठी तो यंत्राच्या भागांची ड्रॉइंग्ज करायचा. एक ड्रॉइंग उघडेपर्यंत आईचं पांघरूण नीट करून, तिच्याकडे बघत तो स्वस्थ बसून राही.

मला राहवेना. घरी माझ्या लॅपटॉपवर मी घड्याळ लावून पाहिलं होतं. साध्या कामात पॉवर सेटिंगने काही फरक पडत नाही, जड फायलींना मात्र पडतो. याची सेटिंग तर वीज वाचवण्यावर होती, आणि चार्जर लावलेला होता. मग वाचवायची कशासाठी?

"अहो, 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा की. भराभर उघडेल," मी म्हणालो.

"ठाऊक आहे, अण्णा," तो कुजबुजला. "पण मग आतला फॅन घोंघावतो. ऑपरेशनपासून आईला रात्रभर झोप नाही. दुपारी कुठे स्वल्प डोळा लागतो."

"आणि मॅनेजर ओरडला तर?"

"ओरडू दे. फोन सायलेंटवर आहे."

तो हसला, तेही आवाज न करता. मी वेग मोजला होता, आवाज मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

थोड्या वेळाने भावासाठी चहा आणायला उठलो, तेव्हा लोखंडी खुर्ची मागे सरकवली नाही. दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.