‘वेट’ची कार्डं

“कोण कोणाला म्हणालं, ते आधी सांगा.”

कुठल्याही इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की काका चष्मा कपाळावर सरकवत आणि हे वाक्य टाकत. तुम्ही कितीही घाईत असा. शब्द हवेत लटकत नसतो, तो कुणाच्या तरी तोंडात असतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा हिशेब शाखेतल्या बाईंनी दारातूनच विचारलं, “काका, ‘लीव्ह’ला मराठीत काय?” काका शांतपणे म्हणाले, “कोण कोणाला म्हणालं? कारकून साहेबाला, की बायको नवऱ्याला?” बाई अर्थ न घेताच परत गेल्या.

दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार होत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मराठीच्या टेबलावर आम्ही दोघंच. निवृत्तीला टेकलेले काका आणि परभणीहून नुकतीच आलेली मी. बाहेर रोज नवी मोटार, नवं चॅनल, नवा साबण येत होता. आत आमच्याकडे मात्र पिवळी कार्डं. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी, त्याखाली एक वाक्य, ही कार्यालयाची पद्धत. काकांनी तिच्यात स्वतःची एक ओळ वाढवली होती. वाक्य कोणाच्या तोंडून, कुठे ऐकलं, ती ओळ. पुस्तकातून उचललेलं वाक्य त्यांना चालत नसे. जिवंत माणसाने गरज पडली म्हणून बोललेलं हवं.

अशा पद्धतीने कोश कधी पुरा होतो का? पण बाकीचे शब्द कसेबसे हातावेगळे होत होते. काका अडले ते ‘वेट’पाशी.

आमचे साहेब लखनौकडचे, भला माणूस. ते येऊन म्हणाले, “अरे भई, वेट माने प्रतीक्षा. खतम करो.”

“साहब, प्रतीक्षा तो बोर्ड पर लिखी होती है,” काका म्हणाले. “करता कोई नहीं.”

साहेब हसले आणि आणखी महिनाभराची मुदत देऊन गेले.

आता तुम्हीच बघा. घरात सगळे जेवायचे खोळंबतात, त्यात थोडा लटका राग असतो. रांगेत माणूस ताटकळतो, ते त्याच्या पायांना कळतं. ‘जरा कळ काढ’ म्हणणाऱ्याला समोरच्याचं दुखणं ठाऊक असतं. मांजर उंदरासाठी थांबतं त्याला आपण वाट पाहणं म्हणत नाही, दबा धरणं म्हणतो. इंग्रजाला या सगळ्याला मिळून एक शब्द कसा पुरतो, याचं काकांना खरोखर नवल वाटे. “घाईत असतील बिचारे,” असं म्हणून ते पुढचं कार्ड घेत.

या शब्दापायी ते दुपारचा डबा घेऊन महाराष्ट्र सरकारच्या दिल्लीतल्या अतिथिगृहात जाऊन बसत. गावाकडून केंद्राच्या मंत्रालयांतल्या कामांसाठी आलेली माणसं तिथे उतरत. कामं अर्थातच होत नसत. काकांच्या दृष्टीने ती खाणच होती. एकदा मी बरोबर होते. बीडकडचे एक सरपंच फेटा काढून घाम पुसत म्हणाले, “तीन दिस झाले, नुस्तं तिष्ठत ठिवलंय बगा दारात.”

काकांचा चेहरा असा उजळला की सरपंच भडकले. “माझं काम अडलंय आन् तुमी हसताय व्हय?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडले, डबा तसाच बंद केला आणि त्या माणसाला घेऊन मंत्रालयात गेले. चार वाजता परत आले ते काम मार्गी लावूनच. मगच त्यांनी कार्ड लिहिलं.

लोकांचं थांबणं असं गोळा करणाऱ्या काकांच्या घरातही एक थांबणं होतं. काकूंचा सगळा संसार सरकारी क्वार्टरांत गेला होता. भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारून. आपलं स्वतःचं दार असावं, एवढीच त्यांची हौस. काकांनी द्वारकेतल्या एका सोसायटीत नाव घातलं होतं. द्वारका तेव्हा जमिनीपेक्षा नकाशावरच जास्त होती. सेक्टरांचे आकडे रंगवलेले दगड, कीकरची, म्हणजे आपल्या बाभळीची, झुडपं, आणि धुळीत मधूनच उभे असलेले सिमेंटचे सांगाडे.

दर रविवारी दोघं बसने घर बघायला जात. मीही कधी जाई. कठडा नसलेल्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढायचं आणि भिंती नसलेल्या स्वयंपाकघरात बसून दशम्या खायच्या. खाणं झालं की काकू पिशवीतून डबी काढत आणि जिथे दार येणार होतं तिथे चार बोटांची रांगोळी घालत. बिहारकडचे मजूर डोक्यावर विटा घेऊन ती ओलांडून जात, कधी पुसत नसत. चौकट नाही, दार नाही, वाऱ्याने सारखी धूळ उडतेय, आणि आम्ही तिघं त्या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला बसलोय. मला ते घर तेव्हाच पुरं झाल्यासारखं वाटे.

पण घर झालं नाही आणि काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. पहाडगंजमध्ये काकांनी एक खोली घेतली. संडास दोन मजले खाली, आणि काकूंचे गुडघे आधीच गेलेले. “दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे,” असं म्हणून काकू नागपूरला भावाकडे गेल्या.

दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. काका दर मंगळवारी सोसायटीच्या कचेरीत जात आणि दर रविवारी एसटीडी बूथमध्ये. मी पहाडगंजमध्येच राहायची, बऱ्याचदा बाहेर उभी असायची. काच असूनही सगळं ऐकू येई.

“पाण्याचं राहिलंय फक्त.” पुढच्या वेळी, “विजेचं राहिलंय फक्त.” मग आवाज मोकळा करून, “बरं, तिकडे थांबण्याला आणखी काय म्हणतात गं?” काकू एखादा शब्द सांगत. काका लिहून घेत.

एका रविवारी त्यांनी लिहून घेतलं नाही. बूथमधून बाहेर आले आणि फुटपाथच्या कडेला उभे राहिले. “ट्रंक अजून उघडली नाही म्हणते. वरच्या वर दोन साड्या ठेवल्यात, त्याच आलटून पालटून नेसते. भावाच्या घरात आता जड वाटतं म्हणाली.” मग म्हणाले, “मी माणसांना विचारत फिरलो, कोण कोणाला म्हणालं. ही काहीच म्हणत नव्हती, तर मी विचारलंच नाही.”

मी त्यांना चहा पाजला.

काका जाऊन आता खूप वर्षं झाली. कोश निघाला, त्यात ‘वेट’समोर दोनच शब्द छापले आहेत. कुणी त्यांची आठवण काढली की मला मात्र जानेवारीतला तो एक दिवस दिसतो. आदल्या आठवड्यात घराची किल्ली मिळाली होती आणि काकू नागपूरहून निघाल्या होत्या.

गाडी सकाळी सातची. आम्ही साडेसहालाच फलाटावर. धुकं असं की समोरचा फलाट नाहीसा झालेला, माणसं नुसती सावल्यांसारखी यायची आणि विरघळायची. गाडी दोन तास लेट, मग चार, मग किती ते कुणी सांगेना. काकांनी धुतलेला स्वेटर घातला होता, दाढी गुळगुळीत. थर्मासमधला चहा निवला की ते तो ओतून टाकत आणि ताजा भरून आणत. असं तीनदा झालं. बसायला तयार नाहीत. डबा पुढे लागला तर? मागे लागला तर?

मी चेष्टेने म्हणाले, “काका, याला कुठलं कार्ड?”

“आज नको,” ते म्हणाले.

दुपारी तीन वाजून गेल्यावर धुक्यातून इंजिनाचा पिवळा दिवा आला. काकू सातव्या डब्यातून उतरल्या. आधी ट्रंक, मग एक पाय, मग जपून दुसरा. वाळल्या होत्या. काकांकडे बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“केव्हाचे आलात हो? फार ताटकळलात का?”

वाक्यागणिक पुरावा मागणारे काका. त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली.

“छे गं,” ते म्हणाले. “आत्ताच आलो.”