नाव काढलं की ड्रम्स गप्प

तुमच्या सगळ्यात लाडक्या गाण्यात ड्रम्स कुणी वाजवलेत, सांगता येईल? नाही ना... मग वाचाच.

आधीच सांगते – भूत, भानामती यांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तिका वाचत वाढलेली मुलगी मी, आता डच राजधानीतल्या झुइडास या ऑफिसांच्या भागात सॉफ्टवेअर टेस्टर. नवरा मिलिंद सेशन ड्रमर. म्हणजे गाणं दुसऱ्याचं, आपण स्टुडिओत जाऊन वाजवून द्यायचं. मुंबईत उमेदीची वर्षं त्यातच गेली. नाव एकाही गाण्यावर नाही. माझ्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर इथे शेजारच्या डीमन गावात राहायला आला, तरी सायकलला सिंबल्स, म्हणजे ड्रम्सच्या पितळी थाळ्या बांधून पुन्हा तेच.

मागच्या उन्हाळ्यात बास नावाच्या डच स्टुडिओवाल्याने या वेळी नाव लावायचं कबूल केलं. मिलिंदने आईला फोन करून सांगूनही टाकलं. शनिवारी दुपारी तयार गाणं ऐकायला गेलो, तर श्रेयनामावलीतून नाव गायब. ड्रमरचं नाव कोण वाचतं, बास म्हणाला. मिलिंद नेहमीसारखाच – "जाऊ दे गं." मी कसली जाऊ देते... भांडले.

वैतागून बासने फाइल लावली. गिटार होती, गायिकेचा श्वासही होता – ड्रम्स नव्हते. मूळ रेकॉर्डिंगमध्ये नीट वाजत होते, पण तयार फाइलमध्ये त्यांच्या जागी शांतता. त्याने मूळ रेकॉर्डिंगवरून फाइल पुन्हा बनवली. मग माझ्या लॅपटॉपवर बनवली. तेच. शेवटी मी चिडून श्रेयनामावलीत मिलिंदचं नाव टाइप केलं, फाइल पुन्हा बनवली... ड्रम्स हजर! नाव खोडलं – गेले. बासचं नाव टाकलं – तरी नाहीत.

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे काय बघतेस? मी फक्त वाजवतो."

बास म्हणाला, हा बग आहे, सॉफ्टवेअरमधला दोष. तात्पुरता उपाय म्हणून नाव राहू दे. गाणं नावासकट बाहेर पडलं.

रोज बग शोधणारी मी, याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. पण खरा संताप वेगळाच आहे. हक्काने मागितलं तेव्हा मिळालं नाही, फाइल बिघडली तेव्हा मिळालं!

म्हणून विनंती – तुमच्या मंडळाचं, जयंतीचं गाणं रेकॉर्ड कराल, तेव्हा वाजवणाऱ्याला त्याचं पूर्ण नाव विचारा आणि लावा. ड्रम्स गप्प होण्याची वाट पाहू नका.