दिंद्रुडचं कनेक्शन

भुताखेतांचं मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. घडलं तसं लिहिते, काय ते तुम्ही ठरवा.

आमची माती-पाणी तपासायची लॅब माजलगावात. केंद्रं गावोगाव, डेटाबेस मात्र पुण्याच्या सर्व्हरवर. तिथे तेव्हा एका वेळी वीसच कनेक्शन चालायची, एकविसाव्याला प्रवेश नाही. म्हणून कोण कोण जोडलंय ती यादी बघायची आणि जे काही न करता जागा अडवून बसलंय ते तोडायचं, हे माझं काम.

दिंद्रुडचं केंद्र माझे मिस्टर विलास बघायचे. जेवणाआधी ते सर्व्हरला फक्त वेळ विचारायचे – लाइन चालू आहे का कळायला – आणि मग मला फोन. "सर्व्हर जागा हाय. तू जेवलीस का?"

दीड वर्षापूर्वी ते हार्ट अटॅकने गेले. केंद्र बंद झालं. त्यांचं लॉगिन मीच काढून टाकलं. तिथला कॉम्प्युटर ऑफिसात माझ्या कपाटात आहे, वायर गुंडाळून.

मागच्या महिन्यात एका दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, यादीत नाव दिसलं... विलास, दिंद्रुड. सर्व्हरला विचारलेलं एवढंच – आत्ता किती वाजले? पुढे काही नाही.

कपाट उघडून पाहिलं. कॉम्प्युटर तसाच. कनेक्शन तोडायला हवं होतं. नाही तोडलं. डबा उघडला आणि स्क्रीनसमोर बसून जेवले.

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी उमापूर केंद्राच्या कांबळेंचा फोन आला.

"जयभीम ताई. सर्व्हर आमाला घेईनाच. कावून?"

"वीस भरलेत. थांबा जरा."

"मी थांबतो की! पण पंधरा जण रिपोर्टसाठी उभे हायेत. ते मलाच मातीत घालतील."

एकोणीस कनेक्शन कामात होती. विसावं नुसतं बसलेलं.

"अहो, उठा आता," म्हटलं – चक्क मोठ्याने, ऑफिसात – आणि तोडलं. उमापूर लगेच जोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी एक-दहाला यादीत ते नाव नव्हतं. सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. त्या पाच दिवसांत दिंद्रुडहून काही आल्याची एक ओळ नाही. पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, जुनं नाव स्क्रीनवर राहिलं असेल." असेल. मग जागा कोणी अडवली होती? ते तोडल्यावरच उमापूर आत कसं गेलं?

त्याच्याकडून मर्यादा वाढवून घेतली. आता तीस कनेक्शन चालतात. रोज एक-दहाला बघते... दहा जागा रिकाम्याच असतात.