माझ्याच छुट्टीची नोटशीट

मध्य प्रदेशातल्या किरनापूरच्या एका सरकारी दफ्तरात मी बाबू. बालाघाटहून रोज बसनं जाणं-येणं, अन् त्यातच राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी. तयारी म्हणजे बसमध्ये उभ्या उभ्या नीतिशास्त्र वाचायचं आणि सीट खाली झाली की बाजूच्या म्हाताऱ्याच्या आधी आपण बसायचं. वयाच्या हिशोबानं ही माझी शेवटची खेप होती.

आमचे साहेब निर्णय सांगत, मी त्याची नोटशीट लिहीत असे, ते सही करत. वाचत कधीच नसत. सहीच्या जागेवर बोट ठेवून दाखवलं की झालं. मले ते बरंच होतं. परीक्षेत सरकारी पत्रांचे मसुदे लिहाले येतात, त्याचा सराव सरकारी कागदावर होऊन राह्यला होता.

पेपर जबलपूरले, सहा दिवस. मी छुट्टीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, धानाची खरेदी सुरू आहे, तू गेला तर लिहीन कोण? नामंजूर. अन् त्याची नोटशीट तूच बनवून आण. इतक्या वर्षांत माझी तारीफ पहिल्यांदा झाली, ती पण अशी.

टेबलावर येऊन बसलो. लई संताप आला होता. नीतिशास्त्राचं पुस्तक ड्रॉवरमध्ये सारलं आणि मंजुरीची नोट लिहिली. साहेब फोनवर भाच्याच्या लग्नातल्या जेवणाचं बोलत होते. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली.

जबलपूरले प्रश्न आला, सचोटी म्हणजे काय, उदाहरण देऊन लिहा. मी लिहिलं, एका दफ्तरात एक बाबू होता. त्याचे साहेब न वाचता सही करत. त्याची शेवटची परीक्षा होती, तरी त्यानं स्वतःच्या हातानं आपल्या छुट्टीची नामंजुरी लिहिली. त्या बाबूबद्दल मले इतका आदर वाटला की डोळ्यांत पाणी आलं. लाजही वाटली, पण पेन थांबला नाही.

परत आलो तर साहेब भडकलेले. मी कागद पुढं केला. सही त्यांचीच होती, करतील काय? पण तेव्हापासून ते माझा एकेक कागद चष्मा लावून वाचू लागले. सहीले दोन-दोन दिवस लागत.

निकाल लागला. माझं नाव नव्हतं. घरी जाऊन रडलो, खोटं काहून बोलू? मग मार्कशीट आली. सगळ्यात जास्त मार्क नीतिशास्त्रात.

साहेबांनी ती मागून घेतली, वरून खालपर्यंत वाचली आणि सगळ्या दफ्तराले ऐकू जाईल असं म्हणाले, "देखो भाई, नीतिशास्त्र में सबसे ज़्यादा. हमने नाहक शक किया."

मग चष्मा काढून ठेवला अन् मले विचारलं, सही कुठं करायची? मी बोट ठेवलं.