फाडफाड वाचणारी मुलगी

मी इंग्रजीचा मास्तर झालो, त्यात इंग्रजीचा काही दोष नाही. देवळीहून सायकलने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावच्या हायस्कुलात मी इतिहास शिकवायला लागलो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पहिल्याच वर्षी इंग्रजीचे सर बदली करून घेऊन निघून गेले आणि हेडमास्तरांनी त्यांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

‘‘तुमी हिंगणघाटचे, मास्तर. मिलच्या गावचे. तुमाले येतच असन,’’ ते म्हणाले.

मला येत नव्हतं. बी.ए.चं इंग्रजी मी गाईड पाठ करून काठावर सोडवलं होतं. माझ्याच मनातलं एक वाक्य इंग्रजीत सांग, असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. पण नोकरी नवी होती आणि नाही म्हणायची छाती नव्हती. मी पुस्तक घेतलं.

जसं शिकलो होतो तसंच शिकवायला लागलो. मी एक ओळ वाचायची, वर्गानं ती एका सुरात म्हणायची. मग मी मराठी अर्थ सांगायचा, तोही वर्गानं एका सुरात म्हणायचा. एक धडा महिनाभर चाले. शेवटी शेवटी मी नुसतं बोट वर केलं की चाळीस पोरं इंग्रजी ओळ आणि तिच्यामागे तिचा अर्थ घडाघडा म्हणून टाकत. शाळेच्या बाजूनं शेतात जाणारे लोक बैलबंडी थांबवून ऐकत. पोट्टे इंग्रजी बोलून राह्यले, असं एकमेकांना सांगत. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

दरवर्षी थंडीत शिक्षणखात्याची तपासणी असे. साहेब जीपनं येत आणि एखाद्या पोराला उभं करून वाचायला लावत. हेडमास्तरांना इतर कशाची नाही, पण या पाच मिनिटांची भीती वाटायची.

‘‘पोट्टं अडलं का साहेब पुस्तक आपल्या हाती घेते,’’ ते मला म्हणाले. ‘‘अन् साहेबानं पुस्तक घेतलं का तुमचं-माझं झालंच समजा. अडू देऊ नका.’’

मी त्याचा वर्गात कायदाच करून टाकला. थांबायचं नाही. ‘येत नाही’ म्हणायचं नाही. शब्द अडला तर तो सोडून पुढचा म्हणायचा, पण आवाज पडू द्यायचा नाही. जो थांबेल त्याच्या हातावर छडी. चुकीचं वाचणाऱ्याला मी कधी मारलं नाही, थांबणाऱ्याला मारलं. हे आज लिहायला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, उलट आपल्याला शिस्त लावता येते असं वाटत होतं.

त्या वर्गातल्या एका मुलीला कधीच छडी बसली नाही. नववीत होती. बापाची थोडी कोरडवाहू शेती, आई घरच्या शेतात राबून वर दुसऱ्यांकडे मजुरीला जाणारी. मुलगी अंगानं किडकिडीत, पण उभी राहून वाचायला लागली की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प व्हायची. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात बसायचं. आमच्या पुस्तकात एक पत्र होतं. बाहेरगावी शिकणारा मुलगा वडिलांना लिहितो, की तुमचं पत्र मिळालं, वाचून आनंद झाला, इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नये, सर्वांना नमस्कार. परीक्षेत पत्र हमखास यायचं, म्हणून मी ते सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. ‘‘पत्र कोणतंही असो, थोड्याफार फरकानं हेच असतं,’’ असंही मी सांगून ठेवलं होतं. अकलेचे तारे तोडायला मला कुणाची मदत लागत नसे.

तपासणीला आठ दिवस उरले असताना मी तिला तेच पत्र वाचायला उभं केलं आणि वाचन ऐकत बाकांमधून फिरत तिच्या मागे गेलो. तिच्या हातातलं पुस्तक भलत्याच धड्यावर उघडलं होतं. तिथे सिंहाचं चित्र होतं. तिचं बोट त्या चित्राखालच्या ओळींवरून शिस्तीत सरकत होतं आणि तोंडातून पत्र येत होतं, बिनचूक, अर्थासकट.

मला कळलं. न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो. या मुलीला इंग्रजीचं एक अक्षर ओळखता येत नाही, आणि वर्गात अशी ती एकटीच नसणार, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मी वाकलो, तिच्या पुस्तकाची पानं उलटली आणि पत्राचं पान काढून दिलं. तिनं वर पाहिलं नाही आणि ती थांबलीही नाही. मीच तसं शिकवलं होतं. तपासणी होऊ दे, मग हिला अक्षरांपासून शिकवू, असं मी मनाशी ठरवलं.

तपासणीत साहेबांनी तिलाच उभं केलं. ती वाचत गेली, अर्थ सांगत गेली. साहेब ‘शाब्बास’ म्हणाले, चहा प्याले आणि गेले. अक्षरांचं मी विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. आता त्याची गरज उरली नव्हती, एवढंच.

हेडमास्तरांनी ती शाब्बासकी गावभर केली. मग लोक फवारणीच्या डब्यावरचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं तिच्याकडून वाचून घेऊ लागले. ती काय सांगत होती देव जाणे. पण ती थांबत नव्हती, आणि न थांबणाऱ्यावर माणसं विश्वास ठेवतात.

पुढच्या वर्षी ती दहावीत गेली. पावसाळ्यात तिच्या आईच्या छातीत गाठ आली. सोसवेल तितकं सोसून ती बाई शेवटी नवऱ्याबरोबर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निकाल पत्रानं कळवू, म्हणून सांगितलं. पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. टाईप केलेलं, इंग्रजीत.

मला हे हेडमास्तरांकडून दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळलं.

‘‘तुमच्या पोट्टीनं काल दवाखान्याचं पत्र वाचलं, मास्तर. सारी आळी जमली होती. फाडफाड वाचलं, अन् लगेच मराठीतून सांगतलं, का इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नका म्हनते. माय बिचारी रडलीच.’’

माझ्या डोळ्यांसमोर ते सिंहाचं पान आलं. नाही आलं, असं मी कुणाला सांगू शकणार नाही. तिचं घर शाळेच्या विहिरीपलीकडे होतं. एका पोराला धाडून ते पत्र मागवायला दोन मिनिटं लागली असती. पण हेडमास्तर माझं कौतुक करत होते, आणि पत्र मागवलं असतं तर का मागवलं ते सांगावं लागलं असतं. मी आणखी अर्धा कप चहा घेतला.

सगळं ठीक आहे म्हटल्यावर ती बाई कामाला लागली. हंगामभर तिनं कापूस वेचला. तुरी कापायची वेळ आली तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलीचा बाप शाळेच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहिला. राशनकार्डाच्या पिशवीतून त्यानं ते पत्र काढलं. मुलगी बरोबर आली होती, ती खांबाजवळ थांबली.

‘‘सर, जरा पाहा बरं,’’ तो म्हणाला. ‘‘पोरीनं तं वाचलं हाये. पण हिची माय आता लय कन्हून राह्यली. त्याच्यात काही गोळी-बिळी लिवली असन तं.’’

चार ओळींचं पत्र होतं. माझ्या इंग्रजीलाही कळेल इतकं सोपं. गाठ कर्करोगाची आहे. रोग अजून पसरलेला दिसत नाही. ऑपरेशनसाठी पेशंटला ताबडतोब घेऊन या. वर दिवाळीआधीची तारीख होती.

‘‘आजच घेऊन जा दवाखान्यात,’’ मी म्हणालो.

‘‘पोरीनं बरोबर वाचलं होतं ना, सर?’’

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

‘‘बरोबर वाचलं,’’ मी म्हणालो. ‘‘पत्रात तसं स्पष्ट काही नाही. पण दुखणं वाढलंय, तर जाऊन दाखवा.’’

बाप माझ्या पाया पडला आणि पत्र पिशवीत ठेवून गेला. पोरीवर ठपका येऊ नये म्हणून मी खोटं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्यासाठी होतं.

दवाखान्यानं त्यांना चार दिवसांत परत पाठवलं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली नाही, आईजवळ बसली. एप्रिलात बाई गेली.

मे महिन्यात शाळा रिकामी होती. मी एकटाच निकालपत्रकं लिहीत बसलो होतो. मुलगी दारात आली. तिचं लग्न ठरत होतं, हे माझ्या कानावर होतं. तिनं ते पत्र टेबलावर ठेवलं.

‘‘सर, तुमी बाबाले खोटं सांगतलं ना?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘मंग मले हे वाचाले शिकवा. पुस्तक नको. एवढंच.’’

मी तिला माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि पाठकोऱ्या कागदावर अक्षरं काढायला लागलो. ती तीन दिवस रोज येत होती. दर शब्दाला बोट ठेवायची, अडायची, आणि खाली मान घालून म्हणायची, ‘‘येत नाई, सर.’’ माझ्या वर्गात हे शब्द तोवर कुणी उच्चारले नव्हते. मी शब्द फोडून दाखवायचो, ती जुळवायची. मी अर्थ सांगायचो आणि ती तो एकदाच, हळू आवाजात म्हणायची.

दुसऱ्या ओळीपाशी माझी जीभ अडखळली. ‘अजून पसरलेला दिसत नाही,’ एवढंच सांगायचं होतं. काही तरी वेगळं सांगून टाकावं, हिला काय कळणार आहे, असं पुन्हा मनात आलं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मी खरा अर्थ सांगितला. तिनं तो म्हटला आणि बोट पुढच्या शब्दावर नेलं.

तिसऱ्या दिवशी पत्र संपलं. आता पुन्हा वाच, असं मी म्हटलं नाही, तरी ती पहिल्यापासून वाचू लागली. दोनदा अडली, दोनदा थांबली, आणि शेवटपर्यंत गेली. मग तिनं बोट परत वर, कागदाच्या कोपऱ्यात नेलं. आकडे तिला येत होते. तारीख तिनं मला न विचारता, न थांबता वाचली.